गप्प बसायचा पगार

भांडीगल्लीत एके काळी इतका आवाज होता, की तिथल्या नवरा-बायकोची भांडणं खुणांनी चालत आणि हातवारे करून खांदे दुखायला लागले की आपोआप मिटत. गल्लीतलं मूल आधी ओरडायला शिकायचं, मग रडायला. पाहुणा आला तर पाण्याच्या आधी त्याच्या हातावर कापसाचे दोन बोळे ठेवायचे. जाताना तो ते उंबऱ्यावर ठेवून जायचा, आणि त्या कापसावर गल्लीने घरोघरच्या उश्या भरल्या. खोटं वाटत असेल त्याने एखादी उशी उसवून बघावी.

हा आवाज तांब्याचा. घरोघर ऐरण, घरोघर हातोडा, आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ठक्-ठक्-ठक्. मग स्टील आलं, त्याच्या मागोमाग प्लास्टिक आलं, आणि एकेक हातोडा खुंटीला लागला. पोरं शहरांकडे गेली, काही शहरांच्याही पलीकडे गेली. शेवटी ठोकणारा एकटाच उरला. मोठे त्याला नुसतं 'तांबट' म्हणत, लहान 'तांबटकाका' म्हणत, आणि बायको 'अहो' म्हणायची, तेही सठीसामाशी. कारण ह्या दोघांची बोलायची रीत वेगळी होती.

लग्न झालं तेव्हा घर माणसांनी गच्च भरलेलं. खाली दुकानात सासरे, दीर, चुलत दीर. वर स्वयंपाकघरात सासू, आत्या, जावा. नव्या नवऱ्याने नव्या बायकोला हाक मारायची म्हणजे सगळ्या घराने माना वळवायच्या. तेव्हा तांबटाने युक्ती काढली. भांडं मठारायचं म्हणजे ठोक्याशेजारी ठोका, एकसारखा, संथ. त्यात मध्येच दोन जलद ठोके, एक दमदार, पुन्हा दोन जलद. म्हणजे 'चहा टाक'. वर तिने पातेल्याच्या काठावर दोनदा पळी वाजवायची. म्हणजे 'टाकला'. मग खालून एकच जड ठोका. म्हणजे 'बरं'.

सासू विचारायची, "सूनबाई, पळी का आपटतेस गं?"

"मुंगी होती, सासूबाई."

त्या पातेल्यावर इतक्या मुंग्या मेल्या, की शेवटी सासूने सगळ्या घराला साखर बंद केली. तरी पळी वाजायची थांबली नाही.

सासरे गेले, दीर वेगळे झाले, एकुलता एक मुलगा परदेशी गेला. घर रिकामं झालं, आता खुशाल ओरडून हाक मारता आली असती. पण दोघांची जीभच तयार झाली नव्हती. बोलणं हातोड्यातून आणि पळीतूनच चालू राहिलं.

मग तांबटाच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, विसर पडायला लागला. आधी डब्यात काय आहे ते, मग डबा कुठे आहे ते, मग डबा कशाला म्हणतात ते. मुलाचा फोन आला की त्या म्हणायच्या, "आवाज गोड आहे हो तुमचा. कुणाकडचे तुम्ही?" तांबट फोन घेऊन म्हणायचा, "अरे, चेष्टा करते तुझी." दोघांनाही ठाऊक होतं की चेष्टा नाही.

हातोडा मात्र त्या विसरल्या नव्हत्या. खाली ठक्-ठक् चालू असलं की त्या वर निवांत असायच्या. त्याच त्या टॉवेलची घडी करायच्या, मोडायच्या, पुन्हा करायच्या. खुणेचे ठोके आले की उठून पळी वाजवायच्या आणि चहा टाकायच्या. त्यात कधी साखरेऐवजी मीठ पडायचं. तांबट तो चहा 'वा!' म्हणून प्यायचा.

अशात गल्लीत लॅपटॉपवाले आले.

पहिला आला तो चुकून. त्याची बस चुकली, म्हणून तो बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला. टेकडीवर मोबाईलचा टॉवर होता, पण तो वापरायला गावात माणसंच उरली नव्हती, त्यामुळे रेंज इतकी वर्षं साचून राहिली होती, आडात पाणी साचावं तशी. त्याने नुसतं बोट लावलं तर काम उपसून वर यायला लागलं. त्याने मित्रांना कळवलं, मित्रांनी मैत्रिणींना. बघता बघता गल्लीतल्या रिकाम्या माड्या भरल्या. पगार एका देशाचा, साहेब दुसऱ्या देशातला, आणि भूक मात्र आपल्या गल्लीची, अशी ही माणसं.

आणि खरं ते बोलायला हवं, त्यांनी गल्ली जगवली. मावशीची खानावळ गंजलेलं शटर वर करून पुन्हा उभी राहिली. इस्त्रीवाल्याने दुसरी इस्त्री घेतली. त्याच्याकडे ढिगाने शर्ट यायचे, पॅन्ट एकही नाही. "ह्या लोकांना पाय नाहीत का?" तो विचारायचा. लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये कमरेच्या वरचंच दिसतं, हे त्याला फार उशिरा कळलं. गावाला टाळून जाणारी बस गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली. बंद पडलेलं औषधांचं दुकान उघडलं आणि त्याच्या माडीवर दवाखाना आला. काकूंना रोज बघायला नर्स येऊ लागली ती तिथूनच. खुद्द तांबटाची धूळ खात पडलेली भांडी पाहुण्यांनी हौसेने विकत नेली. एकाने बंब नेला आणि त्यात छत्र्या ठेवल्या. तांबटाने ते पाहिलं, आणि घरी येऊन बंबाला दोन मिनिटं मान खाली घालून श्रद्धांजली वाहिली.

सगळं छान होतं, एक सोडून. एका सकाळी गल्लीतली तीन माणसं तांबटाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पुढे अध्यक्ष. कशाचे अध्यक्ष हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा कुठल्याशा सभेत ते चुकून मधल्या खुर्चीवर बसले आणि पुन्हा उठलेच नाहीत. मागे इस्त्रीवाला आणि खानावळवाली मावशी.

"काका! जरा शांतपणे बोलायचंय!"

"मग शांतपणे ओरडताय कशाला?"

"तुम्ही ठोकताय म्हणून!"

तांबटाने हातोडा थांबवला. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "त्या समोरच्या माडीवरच्या माणसाला काल त्याच्या साहेबाने विचारलं, तुमच्याकडे युद्ध सुरू झालंय का? काका, ह्यांच्या दिवसभर मीटिंगा असतात. सकाळी एका देशाशी, दुपारी दुसऱ्या. ही माणसं कंटाळून निघून गेली तर?"

"इतकी वर्षं ठोकतोय, तेव्हा कुणी गेलं नाही."

"सगळेच गेले की हो," इस्त्रीवाला हळूच म्हणाला.

मावशी पुढे झाली. "भावजी, माझं शटर किती वर्षं बंद होतं ते तुम्ही बघितलंय. आज माझी पोरगी कॉलेजात आहे ती ह्यांच्या ताटांवर. फुकट गप्प बसा म्हणत नाही आम्ही. सगळे मिळून वर्गणी काढू. दर महिन्याला तुमच्या हातावर ठेवू."

"म्हणजे जन्मभर ठोकून मिळालं नाही ते नुसतं बसून मिळणार?" तांबट हसला. "अध्यक्षसाहेब, तुमचा धंदा मला देताय तुम्ही."

मावशीला हसू आवरेना, अध्यक्षांना राग आवरेना. पण तांबट विचारात पडला होता. औषधांचं दुकान, नर्स, बस, सगळं ह्या पाहुण्यांच्या जिवावर. शिवाय त्याचा मुलगाही असाच कुठेतरी परक्या गल्लीत लॅपटॉप उघडून बसला असेल. त्याच्यासाठीही कुणीतरी हातोडा खाली ठेवला असेल. तांबटाने हातोडा फडक्यात गुंडाळला आणि ऐरणीच्या बाजूला ठेवून दिला.

गल्ली मुकी झाली. मावशी कुकरची शिट्टी व्हायच्या आत कुकर उचलून नदीपर्यंत पळायची आणि शिट्ट्या उरकून परत यायची. नदीकाठच्या म्हशींना त्याची इतकी सवय झाली, की शिट्टी झाल्याशिवाय त्या पाण्यातून उठेनात. भाजीवाला ओरडायच्या ऐवजी दुधी वर धरून चालायचा. कुत्रा भुंकण्याआधी इकडेतिकडे बघायचा. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

तांबट ऐरणीपाशी हात मांडीवर ठेवून बसला. थोड्या वेळाने वरून पळी वाजली. कुणी चहा मागितला नव्हता. तीच विचारत होती, आहात ना. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. तो जिना चढून वर गेला.

"अगं, इथे आहे मी."

वीजमीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण? आमचे हे कुठे गेले?"

"मीच तो."

"काहीतरीच. हे खाली असतात. ठोकत असतात."

तो चहा टाकायला आत वळला तेवढ्यात त्या जिना उतरून बाहेर पडल्या. अनवाणी, दारोदार. "आमचे हे दिसले का हो? तांबट. ठोकत असतात." पुढे ती नवऱ्याला शोधतेय, आणि मागे चपला हातात घेऊन नवरा चालतोय, अशी वरात सगळ्या गल्लीने पाहिली. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून तांबटाने दाराला आतून कडी लावली, आणि काकू दिवसभर त्या कडीशी बोलायला लागल्या.

समोरच्या माडीवर एक परदेशी मुलगी राहायची. तिच्या डोक्यावर सदान्कदा मोठाले हेडफोन, म्हणून गल्लीने तिचं नाव 'कानवाली' ठेवलं होतं. काम तिचं आवाजाचंच: दूरदेशीच्या सिनेमांतले आवाज साफ करून द्यायची. मराठी ती मावशीच्या खानावळीत शिकली होती, आणि मावशी आपल्या पोरीशी बोलते तेच तिने उचललं होतं. त्यामुळे ती अध्यक्षांनासुद्धा 'तू' म्हणायची आणि कुणी जास्त बोललं की 'गिळ मुकाट्याने' म्हणायची.

ती एका संध्याकाळी आली आणि पायरीवर बसली. "काका, काकी रडते ते मला खिडकीतून दिसतं. हे आमच्यामुळे. मी उद्या निघून जाते."

"तू एकटी जाऊन काय होणार? आणि गेलीस तर मावशीच्या दोन पोळ्या उरतील. बस."

ती बराच वेळ नखं खात बसली. मग म्हणाली, "काका, तू एकदाच ठोक. एक सकाळ. मी आवाज घेऊन ठेवते. मग तिला कानात देऊ. गल्लीला त्रास नाही, तिला तू आहेस."

"आणि मी?"

"तू तिच्याजवळ बस ना. तुला आता वेळ आहे."

ठरलं. त्या सकाळी सगळ्या पाहुण्यांनी मीटिंगा पुढे ढकलल्या आणि दुकानासमोर येऊन उभे राहिले. कानवालीने मांजराच्या शेपटीसारखा केसाळ माइक ऐरणीजवळ टांगला. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून तिने खिडक्या लावायला लावल्या, जिन्याचं दारसुद्धा. मावशीला वर काकूंपाशी बसवलं होतं, पण तीही खाली उतरली. "काकू निवांत आहेत. मला पण बघू दे की."

तांबटाने फडकं सोडलं. पहिला ठोका जड, नुसता ऐरणीची विचारपूस केल्यासारखा. मग हात लागला. त्या सकाळी त्याने एक साधा तांब्या मठारला, पण असा, की जुनी माणसं सांगतात, तांब्याने स्वतःच आपली कूस वळवून दिली. ठोक्याला ठोका खेटून, कुठे फट नाही, कुठे घाई नाही. इस्त्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते शर्टाला लागू दिलं नाही. काम संपलं. आणि संपता संपता तांबटाचा हात सवयीने बोलून गेला: दोन जलद, एक दमदार, पुन्हा दोन जलद.

कुणाच्या ते लक्षात आलं नाही. कानवाली बोट ओठांवर ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग तिने मान हलवली आणि टाळ्या पडल्या.

"ऐक ना काका," ती हेडफोन पुढे करून म्हणाली.

"स्वतःचं ठोकणं काय ऐकायचं? घोरणं ऐकतं का कुणी?"

तिने एका जुन्या फोनमध्ये तो आवाज भरला, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल अशी सोय केली. काकूंच्या कानांवर हेडफोन चढवले तेव्हा त्या आधी दचकल्या. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. चेहऱ्यावर असं काही पसरलं, की तांबट पुढे सरसावला, त्याला वाटलं आता ही ओळखणार.

काकू त्याच्याकडे वळून प्रसन्न हसल्या. "बसा ना. आमचे खाली कामाला बसलेत. येतीलच इतक्यात. तुम्ही कुणाकडचे पाहुणे?"

तांबट बसला.

फोनमधला तांब्या घडून झाला, खूण आली, आणि काकू झटक्यात उठल्या. पातेल्यावर पळी दोनदा वाजवली. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तो त्या जड ठोक्याने, 'बरं' म्हटल्यासारखा. काकूंचं समाधान झालं. चहा झाला. "हे हातातलं काम सोडून येणार नाहीत," असं म्हणून त्यांनी तो पाहुण्याच्या पुढे ठेवला. "तोवर तुम्ही घ्या. गार होईल."

"घेतो," तांबट म्हणाला. पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. "घेतो, वहिनी."

स्वतःच्या बायकोला पहिल्यांदा वहिनी म्हणताना चहापेक्षा त्या शब्दाचाच चटका जास्त बसला.

मग तो रोजचा पाहुणा झाला. तांब्या घडायचा, खूण यायची, चहा व्हायचा, पाहुणा चहा प्यायचा. दिवसभरात इतके चहा, की इस्त्रीवाला म्हणायचा, काकांना टाचणी लावली तर चहाची धार लागेल. नर्सने कानवालीला बाजूला घेऊन बजावलं, म्हातारी सारखी शेगडीपाशी उठते ते बरं नाही. कानवालीने तांबटाला विचारलं, "काका, शेवटचे ठोके कापून टाकू? एका मिनिटाचं काम."

"नको. शेगडीवर मी लक्ष ठेवतो. ते कापलंस तर आमच्यात बोलणंच उरणार नाही."

आणि पाहुण्याशी काकू बोलायच्या. नवऱ्याशी जन्मभर बोलल्या नाहीत तेवढं बोलायच्या.

"आमच्या ह्यांना सांगू नका हां. रागावले की ह्यांचा ठोका आधी रागावतो. मला वर कळायचं. मी त्या दिवशी साखर जास्त घालायची."

"कळलं का त्यांना कधी?"

"छे! बैल आहेत."

"हो का?"

"माणूस चांगलं आहे पण. लग्नात मला काळजी होती, तांबटाच्या घरात पडणार, बहिरी होईन. पण ऐकायलाच मी तिथे शिकले बघा." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्हाला घरचे म्हणून सांगते. मला हल्ली एक संशय येतो. ह्यांनी खाली कुणी बाई ठेवलीय का कामाला?"

"नाही हो, वहिनी!"

"मग पळी कोण वाजवतं? मी हात उचलायच्या आत वाजते. लांबून. दोनदा. अगदी माझ्यासारखी. ह्या वयात सवत आणली की काय मेल्याने?"

तांबटाला हसू फुटलं. दुखण्याचे भास असे असतात, असं नर्स म्हणाली होतीच. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "मुंगी असेल, वहिनी."

काकूंचा हात टॉवेलवर थांबला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून. "मुंगीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तांबटाने हात पुढे केला. तेवढ्यात हेडफोनमध्ये खूण आली असावी. काकूंचे डोळे त्याच्यावरून निघाले, आणि त्या लगबगीने पातेल्याकडे वळल्या.

त्या एका नजरेवर त्याने कितीतरी दिवस काढले. मनात एकच घोळत राहिलं. हिने एकदा ओळखायला हवं. खरा हातोडा वाजला, पळी वाजली, आणि 'बरं'चा ठोका आपल्या हाताने देता आला, तर ओळखेल. का नाही ओळखणार?

पुढे काकू अंथरुणाला खिळल्या. चहा थांबला. खूण आली की बोटं चादरीवर दोनदा हलायची, तेवढीच. त्यांच्या हाताशी तांबटाने एक वाटी आणि चमचा ठेवला. एका दुपारी नर्सने नाडी बघितली, तांबटाकडे बघितलं आणि पिशवी आवरली.

तांबटाने काकूंच्या कानांवरचे हेडफोन काढून उशीशी ठेवले. कानवाली येऊन बसली होती, तिला म्हणाला, "इथे थांब." आणि जिना उतरला.

भर मीटिंगांची वेळ होती. गल्ली श्वास रोखून बसलेली. तांबटाने फडकं सोडलं, ऐरणीवर भांडं धरलं आणि हातोडा उचलला.

पहिल्या ठोक्याला कबुतरं उडाली. दुसऱ्याला खिडक्या उघडल्या. अध्यक्ष एका पायात चप्पल घालून धावत आले. "काका! मीटिंग! काका, करार!" मावशीने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. "गिळा मुकाट्याने," ती म्हणाली. इस्त्रीवाला कुणाच्या तरी शर्टावर इस्त्री टेकवून तसाच उभा राहिला, आणि जळका वास सुटला.

तांबट ठोकत होता. पण हात हात राहिला नव्हता. इतके महिने तो मांडीवर पडून होता, नाहीतर चहाचे कप उचलत होता. ठोका पडायचा तिथे पडेना. एक हलका, एक तिरपा, एक भांड्याला पोचा पाडून गेला. त्याने दात आवळून खूण दिली: दोन जलद, एक दमदार, दोन जलद. आणि हातोडा वर धरून थांबला.

सगळी गल्ली थांबली. वरून काही वाजलं नाही.

तो पडत-धडपडत वर गेला. काकूंचे डोळे उघडे होते, कपाळावर आठी.

"पाहुणे," त्या पुटपुटल्या, "खाली कोण शिकाऊ बसवलाय हो? नुसता मारतोय भांड्याला. आमच्यांचा हात नाही हा." थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, "थांबवा त्याला. ह्यांचा मला ऐकू येत नाही त्याच्यापायी."

कानवालीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"सांगतो, वहिनी," तांबट म्हणाला. त्याने हेडफोन उचलले, सांभाळून तिच्या कानांवर चढवले, आणि तिची आठी मोडताना पाहत बसला.

उन्हं उतरायच्या आत काकू गेल्या. कानांत हातोडा चालूच होता.

त्यानंतर गल्लीने त्याला काही कमी पडू दिलं नाही. मावशीचा डबा यायचा. पाहुण्यांनी आपणहून मीटिंगा पुढे ढकलल्या, आणि अध्यक्ष येऊन मान खाली घालून म्हणाले, "काका, आता हवं तेव्हा ठोका. कुणी काही म्हणणार नाही."

"कुणाला ऐकवू?" तांबट म्हणाला. अध्यक्ष टेकले होते त्या पायरीवरून उठून गेले, आणि बसल्या जागेवरून ते आपणहून उठले, असं गल्लीच्या आठवणीत पहिल्यांदाच झालं.

लॅपटॉपवाली माणसं पाखरांसारखी. कानवालीचंही निघायचं ठरलं. दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या माडीवर. जाताना तिने हेडफोन आणि तो जुना फोन त्याच्या ऐरणीवर ठेवला.

"मला काय करायचेत?"

"काका, एकदा तू ऐक. शेवटपर्यंत." ती थांबली. "त्या दिवशी मी सगळा आवाज साफ केला. एक मात्र मी काढलं नाही."

बस गल्लीच्या तोंडाशी थांबली, मागच्या दाराने दोन नवे लॅपटॉपवाले उतरवून कानवालीला घेऊन गेली. मावशीने पोळ्यांची कणीक वाढवली.

हेडफोन ऐरणीवर पडून राहिले. मग एका दुपारी, गल्ली चिडीचूप असताना, तांबट ते घेऊन वर गेला. काकूंच्या जागी भिंतीला टेकून बसला आणि त्याने ते कानांवर चढवले.

जड ठोका. मग एकामागून एक. हा हात आपला होता, हे त्याला आधी खरंच वाटेना. मग वाटलं, आणि तो मान हलवत ऐकत राहिला, जशी ती ऐकायची. तांब्या घडत गेला. काम संपलं. खूण आली: दोन जलद, एक दमदार, दोन जलद.

आणि मग, लांबून, लावलेल्या खिडक्यांच्या आणि जिन्याच्या दाराच्या पलीकडून, वरच्या स्वयंपाकघरातून, पातेल्याच्या काठावर पळी वाजली. दोनदा. अगदी तिच्यासारखी.

थोड्या वेळाने जड ठोका पडला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तांबटाने हेडफोन काढले नाहीत. पुन्हा तांब्या घडला, पुन्हा खूण आली, आणि पळी वाजायच्या आत तो उठून शेगडीपाशी गेला.

त्याने पातेलं ठेवलं. पाणी घातलं, दोन कपांचं. चहाची पूड घातली, आणि त्या दिवशी त्याने साखर जरा जास्तच घातली.